मायाक्काची खोळ

चन्नवीर फोटो काढण्याआधी माणसाच्या हनुवटीला हात लावायचा. समोरचा कोणीही असो, गिरणीतला जॉबर असो की मठातले स्वामी, दोन बोटांनी हनुवटी जरा वर, जरा डावीकडे करायचा आणि म्हणायचा, "आता चेहरा आला." बायकांच्या बाबतीत हे काम त्याची बायको निंगव्वा करी. म्हाताऱ्या आणि लेकरे मात्र त्याच्याच हातात.

सोलापुरात चाटी गल्लीच्या तोंडाशी त्याचा स्टुडिओ होता. त्याला लागून माझे तसबिरी मढवण्याचे दुकान. तो फोटो काढी, मी काच आणि चौकट लावी. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून चहाचे कप आणि ओले फोटो ये-जा करत. त्याच्याबद्दल मी काही लिहून ठेवावे असे त्याच्या नातवंडांना वाटते. मी दुकानाच्या पाटीपलीकडे फारसे काही लिहिलेले नाही, तेव्हा जसे जमेल तसे.

नातवंडांनी म्हातारपणातला चन्नवीर पाहिला आहे. तो कोणाला बोट लावत नसे. गिऱ्हाईक मान वाकडी करून बसले तर वाकडीच राहू देई. लोक कुरकुरत, "अहो, एका डोळ्यावर टोपी आलीय, सांगायचं तरी." तो म्हणे, "तुमची तुम्हीच करा नीट." आजोबांचा हा विक्षिप्तपणा कुठून आला, असे पोरे विचारतात. तो जन्मापासून नव्हता. १९३३ सालच्या हिवाळ्यानंतर आला.

त्या वर्षी पुण्याचे एक विद्वान गृहस्थ जुन्या देवळांवर पुस्तक लिहीत होते. त्यांनी चन्नवीरला भीमेकडच्या एका गावाबाहेरच्या पडक्या देवळाचे फोटो काढायला सांगितले. गावाचे नाव लिहीत नाही, त्या लोकांची मुले-नातवंडे अजून तिथेच आहेत. देऊळ काळ्या दगडाचे, फार जुने. शिखर केव्हाच कोसळलेले. सभामंडपाचे खांब उभे होते, पण छताच्या शिळा खाली येऊन त्यांच्यामधून निवडुंग वाढला होता. गावकरी तिकडे फिरकत नसत. फिरकत ती धनगरांची दहा-बारा घरे. गाभाऱ्यात जी मूर्ती उभी होती, तिला ते मायाक्का म्हणत. मूर्ती म्हणजे दिसायला शेंदराचा एक उंच गोळा आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून नाक, तोंड, हात सगळे बुजून गेले होते.

शेंदूर लावायचा मान केराबाईकडे होता. केराबाई विधवा, मूलबाळ नाही. सासऱ्याने मरताना आपला हात तिच्या हातात दिला होता, म्हणजे आईच्या, मायाक्काच्या, पूजेचा हात. दर अमावास्येला तेलात शेंदूर कालवून ती आईला लावी. भावकीत तिचे बाकी काही चालत नसे, पण जत्रेला पहिला भंडारा तिच्या हातून उधळला जाई. म्हातारपणी तिच्याजवळ तेवढेच होते.

चन्नवीर पहिल्यांदा गेला तेव्हा ती देवळाच्या उंबऱ्यावर बसून लोकर पिंजत होती. त्याने तिपाई उभी केली, कॅमेऱ्यावर काळे फडके टाकले आणि त्यात डोके घातले.

"बघायला आलास न् त्वांडच झाकून घेतलंस व्हय रं?" केराबाई म्हणाली.

"आतून चांगलं दिसतं, मावशी."

"काय दिसतंय?"

"सगळं उलटं दिसतं. देऊळ खाली, आभाळ वर... नव्हे, आभाळ खाली."

"मंग आमच्या बिराप्पावानीच हाय की तुझं यंत्र. त्याला बी समदं उलटंच दिसतंय." बिरप्पा म्हणजे तिचा पुतण्या.

त्याने तिचाही फोटो काढू का विचारले. ती म्हणाली, "माझ्या थोबाडात काय ठेवलंय? आईचं काढ. आन् मला एक आणून दे. म्हातारपणी डोळं गेलं तर हातात धराया व्हईल."

त्याने कबूल केले.

आता इथे थोडी आमच्या धंद्यातली गोष्ट सांगावी लागते. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे. तांबडे ते काळे उठे. बायकांचे कुंकू कोळशासारखे येई. चन्नवीरला हे ठाऊक होते, पण गाभाऱ्याच्या अंधारात त्याला प्रकाशाचीच एवढी काळजी होती की शेंदराचे लक्षात राहिले नाही. प्लेट धुतली तेव्हा खांब आले, चौकटीवरची वेलबुट्टी आली, आणि मायाक्का आली ती करपलेल्या भाकरीसारखी. काळ्या गोळ्यात चांदीचे डोळे तेवढे पांढरे लखलखत होते.

"ही देवी की भूत रे?" मी खिडकीतून म्हणालो.

मी थट्टेत म्हणालो, पण त्याला ते लागले. पुण्याहून निरोप आला की बाकी सर्व उत्तम, मूर्तीचा चेहरा मात्र हवाच, पुन्हा जावे. आजवर त्याचे काम कोणी परत केले नव्हते. चेहऱ्यासाठी तर नाहीच.

तो पुन्हा गेला. मी बरोबर नव्हतो. तिथे काय झाले ते त्याने पुढे मला सांगितले, तेच लिहितो.

देवळात कोणी नव्हते. केराबाई नदीवर धुणे घेऊन गेली होती. गाभाऱ्याच्या कोसळलेल्या कोपऱ्यातून ऊन आत येत होते आणि त्या उन्हात त्याला आईच्या कानाजवळ शेंदराला गेलेली एक चीर दिसली. चिरेच्या आत दगड दिसत होता. दगडावर कानातले कुंडल कोरलेले होते, बारीक, मणी मोजता येतील असे. त्याने चिरेत बोट घातले. मग प्लेटा उघडायची पातळ सुरी घातली. त्याच्या मनात एवढेच होते की आत काय आहे ते पाहावे. तो हे मला पुन्हा पुन्हा सांगे, आणि सांगून झाले की म्हणे, "पण सुरी खिशातून मीच काढली ना, शिवप्पा."

चेहऱ्यावरची शेंदराची सगळी खोळ नारळाच्या करवंटीसारखी एकदम सुटून त्याच्या हातात आली.

आतला चेहरा अखंड होता. शेंदराने झाकलेला म्हणून नाकाचे टोकही झिजले नव्हते. डोळे मिटलेले, ओठ जरासे हसरे. तो म्हणाला, "इतक्या लोकांच्या हनुवट्या वर केल्या, हिची कोणी आधीच बरोबर करून ठेवली होती." मग त्याने फोटोग्राफरने जे करावे ते केले. खोळ खाली पणतीजवळ ठेवली, तिपाई लावली आणि फोटो काढला.

नंतर त्याने खोळ परत बसवून पाहिली. ती राहीना. आरशावरून घसरावी तशी घसरे. शेवटी त्याने ती पुन्हा आईच्या पायाशी पणतीजवळ ठेवली. बाहेर मेंढरांच्या घंटा वाजल्या, तसा तो सामान उचलून मंडपात आला.

केराबाई धुणे घेऊन येत होती. "आलास व्हय लेकरा? जेवलास का?" तिने फडके सोडले, भाकरी काढली, वर शेंगदाण्याची चटणी घातली, कांदा बुक्कीने फोडून दिला. तो उंबऱ्यावर बसून जेवला. ती त्याच्यासमोर बसून कुठल्या मेंढीला काय झाले ते सांगत होती. गाभारा त्याच्या पाठीमागे होता. दिवा लावायची वेळ व्हायच्या आत तो निघाला.

तो फोटो काही वेगळाच झाला. पुण्याहून शाबासकी आली. चन्नवीरने त्याची मोठी प्रत करून स्टुडिओच्या काचेच्या खिडकीत लावली. चौकट मीच केली, शिसवी. भोंगा होऊन सुटलेले गिरणीतले लोक थांबून पाहत. मूर्ती पूर्वी अशी का दिसली नाही, हे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "प्रकाश चांगला मिळाला." मी खरे मानले.

महिनाभराने खांद्यावर घोंगड्यांची चळत घेतलेला एक धनगर त्याच्या दारात उभा राहिला. मी तेव्हा चौकटीचे माप घ्यायला स्टुडिओतच होतो.

"फोटूवालं चन्नवीर तुमीच का? मी बिराप्पा. केराबाईचा पुतण्या."

"बसा की. मावशी कशा आहेत?"

"हाय. बसून हाय." त्याने घोंगडी खाली ठेवली. "तिला त्यो फोटू पायजे. तुमी म्हनलावता म्हनं. आईचा. खोळ टाकायच्या आदीचा."

 मी विचारले, "खोळ टाकली म्हणजे?"

बिरप्पाने सांगितले. आईने आपल्या अंगावरची खोळ टाकली. त्याच्या आज्याच्या आज्याच्या वेळी एकदा टाकली होती, त्यानंतर आताच. आई खोळ टाकते तेव्हा ती म्हणते, मला हा हात नको, हात बदला. भावकी बसली. वाजतगाजत खोळ भीमेत सोडली. आता शेंदूर त्याच्या घरात आला आहे, त्याची बायको लावते.

"आन् चुलती भाईर लिंबाखाली बसती. आत पाय ठेवत न्हाय. म्या म्हनलं दर्शनाला तरी ये. तर म्हनती, माझ्या हातात कायतरी पाप असल्याबिगर आईनं टाकलं न्हाय मला. कवा काय केलं त्ये आठवत बसती. परवा म्हनली, मेंढी याली त्या दिवशी म्या हात नीट धुतलं नव्हतं. काल म्हनली, सासऱ्याला एकदा उलटून बोलले हुते." त्याने मान हलवली. "लई वाळलीया."

हे सगळे बोलताना त्याच्या समोर शिसवी चौकटीतली आई होती. जाताना त्याने तिच्याकडे पाहून विचारले, "ही कुटली देवी वं? लई सुरेख हाय." तो चेहरा त्यांच्यातल्या कोणी कधी नीट पाहिलाच नव्हता. आईला उघडे बघायचे नसते म्हणून पहिल्या दिवशीच डोळे झाकून तिला नवा शेंदूर लावला होता.

"फोटो मी स्वतः आणून देतो," चन्नवीर म्हणाला.

बिरप्पा गेल्यावर त्याने मला सगळे सांगितले. त्याला सगळ्यात काय लागले होते तर हे, की कोणाला संशयसुद्धा आला नव्हता. देवळात परका माणूस येऊन गेला हे सगळ्यांना ठाऊक होते. पण माणूस असा हात घालेल हे त्यांच्या मनातच आले नाही.

आम्ही दोघेही गळ्यात इष्टलिंग बांधणारे. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. दुसऱ्या दिवसापासून चन्नवीर पूजेला बसे आणि लिंग हातावर न घेता नुसता बघत राही. निंगव्वाच्या ते लक्षात आले. तिने खोदून खोदून विचारले तेव्हा त्याने सांगितले आणि वर म्हणाला, "आपण इष्टलिंग पुजणारी माणसं. तो दगड काही आपला देव नव्हे."

निंगव्वा नवऱ्याला कानडी रीतीने 'री' म्हणत असे. मी खिडकीपलीकडून ऐकले. ती म्हणाली, "री, आपला नव्हे म्हणूनच हात लावायचा नव्हता."

तरीही तो लगेच गेला नाही. गिऱ्हाइके आहेत म्हणाला, मग तिकडची मोटर बंद आहे म्हणाला. खिडकीतला फोटो काढून आत भिंतीकडे तोंड करून ठेवला. एक दिवस एक बाई पोराला घेऊन आली. चन्नवीरने सवयीने हात पुढे केला आणि पोराच्या हनुवटीपर्यंत नेऊन तसाच मागे घेतला. संध्याकाळी मला म्हणाला, "शिवप्पा, उद्या येतोस का बरोबर? एकट्याने गेलो तर वाटेतून परत येईन."

आम्ही दोन्ही फोटो घेऊन गेलो. काळा उठलेला मी साध्या चौकटीत मढवला होता. दुसरा फडक्यात बांधून माझ्याजवळ होता, आणि त्याची काचेची प्लेट चन्नवीरच्या पिशवीत.

केराबाई लिंबाखाली बसली होती. हातात लोकर नव्हती, काहीच नव्हते. चन्नवीरने काळा फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि कपाळाला लावला.

"हीच. हीच माझी आई. डोळं बगा कसं आल्यात." तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. "तुझं भलं हुईल लेकरा."

मी जमिनीकडे पाहत होतो. मला वाटले, आता हा बोलणार नाही. मी असतो तर बोललो नसतो. फोटो दिला, म्हातारी खूश झाली, चला.

तो म्हणाला, "मावशी, भावकीतल्या माणसांना बोलवा. मला सगळ्यांपुढं सांगायचं आहे."

बिरप्पा आला, कुळातले म्हातारे सिद्धनाथ काठी टेकत आले, आणखी चार-पाच माणसे आली. चन्नवीर उभा राहूनच बोलला. "आईनं खोळ टाकली नाही. मी काढली. सुरीनं काढली."

 मग बिरप्पा हसला. "चुलतीनं निरोप धाडला जनू तुमास्नी. दया आली व्हय?"

"दया नाही. खरं सांगतोय."

"तुमच्या सुरीनं आईची खोळ निगती व्हय? तिच्या मनात नसताना?"

याचे उत्तर मला तर अजूनही सुचत नाही. चन्नवीरने माझ्याकडे पाहिले. मी फडके सोडले.

फोटोत खालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, चेहऱ्यामुळे आजवर कोणाची नजर न गेलेल्या जागी, केराबाईची पणती आली होती आणि पणतीजवळ उताणी पडलेली खोळ, चांदीचे डोळे आभाळाकडे लावून. ते डोळे बिरप्पाने ओळखले. मग त्याने वरचा चेहरा पाहिला, सोलापुरात पाहिलेला.  सिद्धनाथांनी फोटो त्याच्याकडून घेतला आणि पालथा करून मांडीवर ठेवला.

"उगडी आई बगायची न्हाय," ते म्हणाले.

बिरप्पा खाली बसला. "इतकं दिस आई माझ्या घरच्या हातानं नांदली. ती काय खोटी?"

"खोटी न्हाय रं पोरा," सिद्धनाथ म्हणाले. "पर तिनं बलावलं न्हवतं तुला. हात केराचा हुता, केराचाच ऱ्हाईल."

सगळे केराबाईकडे पाहू लागले. ती आनंदली असेल असे मला वाटले होते. ती चन्नवीरकडे बघत होती.

"माजी भाकर खाल्लीस तवा आई उगडीच हुती?"

"होय, मावशी."

"आन् तुला ठावं हुतं."

"होय."

ती उठली, मडक्यातून तांब्या भरला आणि मला पाणी दिले. त्याला दिले नाही.

सिद्धनाथांच्या सांगण्यावरून आम्ही तो फोटो भीमेत सोडायला नेला, जिथे खोळ सोडली होती त्याच डोहावर. मी माझ्याच हाताने ठोकलेले खिळे काढून चौकट उसवली. चन्नवीर गुडघाभर पाण्यात गेला. कागद थोडा वेळ तरंगला. प्लेट लगेच बुडाली.

पुण्याला पाठवलेली प्रत मात्र परत आली नाही. त्याने दोनदा विनवणी केली. पुस्तक छापायला गेले, आता काही करता येत नाही, असे कळले. ते पुस्तक पुढे निघाले. चन्नवीरने ते कधी पाहिले नाही. पुस्तकाच्या दुकानावरून जायचे असले की तो पलीकडच्या बाजूने जाई. पूजेत लिंग पुन्हा हातावर घेऊ लागला, पण धुतलेला हात दोनदा धुऊन.

चार-पाच वर्षांनी, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला गावोगावची माणसे सोलापुरात आली होती. दुपारी केराबाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. बरोबर कोणी नव्हते. कमरेत वाकली होती.

"फोटूवाल्या, हाईस का?"

चन्नवीर बाहेर आला आणि दारातच थांबला.

"माजं त्वांड काढ," ती म्हणाली. "बिराप्पाची सून म्हनती, तुमी गेल्यावर आमी कुनाच्या पाया पडायचं. पुढं हात तिलाच द्यायचा हाय."

त्याने तिला खुर्चीवर बसवले. निंगव्वा माहेरी गेली होती. केराबाईचा पदर कपाळावरून खाली आला होता, अर्ध्या डोळ्यावर. मान एका बाजूला कलली होती. चन्नवीर कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि त्याने काळ्या फडक्यात डोके घातले.

"नीट बसले का?" तिने विचारले.

"पदर जरा वर घ्या, मावशी."

तिने घेतला. तो पुन्हा घसरला. "तूच कर की. म्हाताऱ्यांचं तूच हात लावून करतोस म्हनला हुतास न्हवं?"

"नको, मावशी. तुम्हीच करा."

"भ्यालास व्हय?"

 तिने पुन्हा पदर सावरला आणि तो राहील तसा राहू दिला. फोटो तसाच निघाला, एक डोळा अर्धा झाकलेला.

उठल्यावर तिने गाठोडे सोडले. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. एक तुकडा मला खिडकीतून दिला. दुसरा चन्नवीरपुढे धरला. तो तसाच उभा.

"खा," ती म्हणाली. "आता मला बी ठावं हाय."

त्याने घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. मी खिडकीतून बाजूला झालो आणि चौकटीसाठी लाकूड शोधू लागलो.